स्लॅबवरची वीतभर माती

वीज मंडळाचे मीटर वाचण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे आकडा दिसला की वहीत टिपून ठेवायची खोड. बँकॉकच्या आमच्या चार मजली इमारतीत सगळे या खोडीला हसतात, लमदुआन सोडून.

ती सगळ्यात वर राहते, थेट स्लॅबखाली. नवरा बुनलू अर्धांगाने खाटेवर. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात, दुपारी दोन वाजता, तिच्या खोलीत एकोणचाळीस अंश होते. बुनलूला इस्पितळात न्यावं लागलं. असा आणखी एक उन्हाळा याला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा तिने गोण्या वाहून छतावर वीतभर माती पसरली, गवत आणि नाळीची भाजी लावली. पुढच्या एप्रिलात तेहतीस. पावसात गल्लीत तुंबणारं पाणीसुद्धा कमी झालं. आमच्या छताचं पाणी मातीच पिऊन बसायची. मालक थावॉर्न येईल त्याला बाग दाखवायचा, जणू गोण्या त्यानेच वाहिल्या होत्या.

छतावर वास्तुदेवाचं छोटं देऊळ आहे. तिथे आम्ही सगळे हार वाहतो. सुकलेला हार कचऱ्यात टाकत नाहीत. पूर्वी तो खाली झाडाच्या बुंध्याशी जायचा. बाग झाल्यावर चार जिने कोण उतरतो? सगळे मातीतच टाकू लागले, खत होईल म्हणून. माझे मात्र कुणाच्या पायाखाली येऊ नयेत, म्हणून मी भिंतीकडेला, पाणी जायच्या पाइपाच्या तोंडाशी ठेवायचो. मी पडलो टापटिपीचा माणूस.

सप्टेंबरात तीन दिवस पाऊस लागून राहिला. छतावर तळं झालं, स्लॅब झिरपला आणि जिन्यात गिलाव्याचा मोठा पोपडा कोसळला. रविवारपर्यंत माती खाली उतरवा, असं थावॉर्नने बजावलं.

मी पाइपात हात घातला. फुलं कधीच सडून गेली होती; हारांचे दोरे आणि टोकाला बांधलेल्या नायलॉनच्या फिती पिळवटून गच्च गाठ झाली होती. सगळ्या फिती निळ्या. हाराला निळी फीत आमच्या इमारतीत मी एकटाच मागून घेतो. म्हणजे मातीचा दोष नव्हताच. मी ती गाठ पिशवीत घातली.

लमदुआन म्हणाली, "दादा, तुमची वही दाखवा ना त्यांना. माझं नाही ऐकायचे ते."

दाखवली. मालकाने पानं चाळली. "अक्षर सुरेख आहे हो. पण स्लॅब कशाने गळला, ते लिहिलंय का यात?"

ती माझ्याकडे बघत होती. देवाच्या हारांनी पाणी तुंबलं, आणि ते हार माझे, हे कळल्यावर चार मजले माझ्याकडे कसे बघतील, याचा हिशेब मी तेवढ्यात करून टाकला.

"नाही," मी म्हणालो.

माती दोन दिवसांत उतरली. या एप्रिलच्या सहा तारखेला, दुपारी दोन वाजता, खोलीत चाळीस अंश. मी लिहून ठेवलं. अकरा तारखेला बुनलू गेला.

क्रियाकर्म उरकल्यावर ती छतावर भेटली. उघडा स्लॅब चपलेतूनही भाजत होता. देवळातला सुकलेला हार तिच्या हातात होता.

"दादा, हा आता कुठे टाकू?"

"आण इकडे," म्हणालो, आणि चारही जिने उतरून झाडाच्या बुंध्याशी ठेवून आलो.

जायला-यायला सहा मिनिटं लागली.