दुखेल तिथं थांबा

कमरेपाशी

पहिली खूण इथं. कोळशाची. तुंगार्लीच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या भिंतीवर.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी अरुंधतीबाईंचा उजवा स्तन पुण्याला कापून काढला. घरी सोडताना सर्जननं दोन गोष्टी सांगितल्या. हात आखडू नये म्हणून बोटं रोज भिंतीवरून वर चढवायची. दुखेल तिथं थांबायचं आणि तिथं खूण करायची. दुसरी गोष्ट, कळ अगदीच सोसवेना तेव्हाच गुंगीची सुई घ्यायची, गावातल्या डॉक्टरांकडून. तिची सवय लागते. एरवी ॲस्पिरिन आणि हाताखाली उशी.

दुसरी गोष्ट नवऱ्यानं, त्र्यंबकरावांनी, उचलली. रेल्वेच्या कचेरीत ते सांगत सुटले, "आमची मंडळी सुईशिवाय उभी राहणार."

मंडळींनी उशी दातांत धरली होती.

अजून कमरेपाशीच

खूण हलेना.

घरकामाला मळवलीच्या वरच्या वाडीतली गंगी होती. तिची तान्ही पोर स्वयंपाकघरात झोळीत निजायची. रडणं म्हणून नाही.

"गुणाची आहे गं," अरुंधतीबाई म्हणाल्या.

"गुणाची कसली! बापावानी बोंबलती. भातलावणीला आमी समद्याच चाटवतो, नखाच्या टोकावर इवलीशी अफू. पोर निजली की बाईचं हात मोकळं." गंगी त्यांच्या कपाळावरचा घाम पाहत राहिली. "तुमास्नी वाईच जादा लागंल."

अरुंधतीबाईंनी दाराकडं पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"ह्यांना सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? तेंच्या च्यात थोडीच घालनार हाय!"

खांद्यापाशी. मग कानापाशी

त्र्यंबकराव शेजाऱ्यांना भिंत दाखवायला आणू लागले. "बघा. नुसत्या ॲस्पिरिनवर!"

अरुंधतीबाई हसायच्या. त्यांना सारखी खाज सुटायची. जेवण जाईना. बोलताबोलता वाक्य मध्येच

आणि मग बऱ्याच वेळानं, "काय म्हणत होते मी?"

डोक्याच्या वर

इथं थांबायला हवं होतं. पण दुखलं नाही.

बोटं चढत गेली. टाचा उचलल्या. काखेत काहीतरी उसवलं, शिवणीचा दोरा ओढावा तसं, आणि तेही दुसऱ्याच कुणाच्या पोलक्याचं. खूण करायला त्यांनी कोळसा मागितला तेव्हा गंगीनं पाहिलं. पट्टी लाल होत होती.

ती किंचाळली. त्र्यंबकराव डॉक्टरांना आणायला धावले. आरडाओरड्यानं झोळीतली पोर जागी झाली, रडू लागली. गंगीनं घाईघाईनं तिला चाटवलं आणि बाईंकडं पळाली. नखावर किती आली होती, पाहिलं नाही.

भिंतीखाली

टाके तुटले होते. डॉक्टरांनी सुई भरली.

"आधी काही दिलंय?"

"ॲस्पिरिन," त्र्यंबकराव म्हणाले. "दुसरं काही नाही. विचारा तिला."

अरुंधतीबाईंनी मान हलवली. नाही. सांगितलं तर उद्यापासून बंद, एवढंच त्यांना उमगत होतं. मग त्यांनी गंगीकडं पाहिलं. गप्प बस, असं ते पाहणं होतं.

डॉक्टरांनी दंडावर कापूस फिरवला.

"अफू हाय तेंच्या पोटात," गंगी म्हणाली. "आजबी दिली."

"काय बरळतेस!" त्र्यंबकराव तिच्या अंगावर धावले.

डॉक्टरांनी अरुंधतीबाईंची पापणी वर केली. बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी. त्यांनी सुई खाली ठेवली.

"अफूवर ही सुई दिली असती तर श्वास थांबला असता. अजूनही थांबू शकतो. झोपू देऊ नका. जागेपुरतं बधिर करून टाके घालतो, पण कळ येणारच. धरा यांना."

"गंगे," अरुंधतीबाई पुटपुटल्या, "कशाला बोललीस?"

गंगी डॉक्टरांकडं पाहत होती. "श्वास झोपंतच थांबतो व्हय?"

"झोपेतच. कळतसुद्धा नाही."

ती मागं सरकत दारापर्यंत गेली. मग वळली.

पहिल्या टाक्याला अरुंधतीबाई अशा ओरडल्या की शेजारच्या बंगल्यातली कुत्री भुंकू लागली. झोळी हलली नाही.

गंगीनं चाटवलेलं तेच बोट पोरीच्या नाकाखाली धरलं.