वर्षाला दोन जॅकेटं

माझ्या मामाच्या नारिंगी जॅकेटला आमच्या घरात माणसाइतका मान आहे. त्याला स्वतःची खुर्ची आहे. मामा आंघोळीला गेला की ते बाथरूमच्या दाराबाहेर लटकून त्याची वाट बघतं. घरातल्या प्रत्येक फोटोत ते आहे. ताईच्या पदवीच्या फोटोत ताई आहे, मामी आहे, मी आहे, आणि मागे इमारतीचं काहीतरी काम चालू असावं तसा मामा आहे.

मामा कुलूपवाला. किल्ली आत राहिली आणि दार ओढलं गेलं की लोक त्याला बोलावतात. परक्याच्या दारापुढे गुडघे टेकायचे, हातात तार घ्यायची आणि कुलपाशी झटापट करायची, हा त्याचा धंदा. आमच्या रंगाच्या माणसानं या शहरात याहून वाईट धंदा निवडायचा म्हटलं तरी सापडणार नाही. इथले बहुतेक लोक आमच्याहून उजळ आहेत, आणि पोलीस तर झाडून सगळे. आमच्यातला माणूस बसची वाट बघत उभा असला तरी त्यांना तो टेहळणी करताना दिसतो. मामा तर खरोखरच कुलूप उघडत असायचा.

म्हणून तो काम करताना मोठ्यानं बोलायचा. गिऱ्हाइकाला शेजारी उभं करायचं, हातात टॉर्च द्यायची आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचं, "म्हणजे हे तुमचंच घर, हो ना काका?" एकदा एक आजी टॉर्च धरून कंटाळल्या आणि शेजारणीकडे चहाला गेल्या. परत आल्या तेव्हा मामा फुटपाथवर पालथा होता आणि त्याच्या पाठीवर एका पोलिसाचा गुडघा होता.

"अहो, तो माझाच कुलूपवाला आहे!" आजी म्हणाल्या.

पोलिसानं गुडघा काढला आणि आजींनाच बजावलं, अनोळखी माणसांपासून जरा सांभाळून राहत जा.

दुसऱ्या दिवशी मामीनं ते जॅकेट आणलं. नारिंगी, चंदेरी पट्ट्यांचं, पाठीवर 'दुरुस्ती' एवढाच शब्द. कशाची, ते लिहिलेलं नाही, आणि आजवर कुणी विचारलेलंही नाही. जॅकेटातला माणूस कामावर असतो, विषय संपला. पोलिसांची गाडी शेजारून गेली तर आतून हात हलवतात. मामाला वाटलं, सुटलो. मग हळूहळू लक्षात आलं की आता ते काढायची सोय राहिली नाही. भाजी आणायला जॅकेट, दवाखान्यात जॅकेट. आजोबा गेले त्या दिवशीही जॅकेट. तेव्हा भेटायला आलेल्या एका गृहस्थानं त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "अजून किती दिवस चालेल काम?"

मग ताईचं लग्न ठरलं. ताई म्हणजे मामाची मुलगी, माझी मामेबहीण.

"बाबा, मला लग्नात बाप हवाय," ती म्हणाली. "रस्तादुरुस्ती नकोय."

मामा बराच वेळ जॅकेटच्या चेनशी खेळत राहिला. मग म्हणाला, "नाही घालणार. पण तोवर कागद यायला पाहिजे."

हा कागद म्हणजे मामाचं स्वप्न होतं. झालं होतं असं, की पोलीस रंग बघून माणसं अडवतात असं कोर्टानं एकदाचं मान्य केलं, आणि अडवल्या गेलेल्यांना भरपाई द्यायला एक समिती बसवली. बाकीच्यांनी पैशांसाठी अर्ज केले. मामाच्या डोक्यात भलतंच होतं. एवढी वर्षं त्रास दिल्यावर समिती नक्कीच लिहून देणार, की या माणसाला तपासून झालेलं आहे, पुन्हा तपासू नये. मामीची तर खात्रीच होती. तिनं लग्नाच्या कोटाच्या छातीवर प्लास्टिकचा पारदर्शक खिसा शिवून टाकला. पारदर्शक का, तर कागद काढायला आत हात घालावा लागू नये. पोलिसांसमोर खिशात हात घालायचा नसतो, हे आमच्याकडे मुलांना चालण्याच्या आधी शिकवतात.

"अगं मामी, कागद आधी मिळू तर दे," मी म्हटलं.

"मिळाल्यावर शिवायला वेळ कुठाय?" मामी म्हणाली.

समितीपुढे मामाबरोबर मी गेले. मी गाद्यांच्या एका कंपनीत फोनवर तक्रारी ऐकते. त्यामुळे कुठल्याही कचेरीत मीच बोलायचं, असा घरचा ठराव आहे. "तू दिवसभर लोकांना काहीही न देता शांत करतेस," मामी म्हणते. "तिथले लोक काय करतायत, ते तुला बरोबर कळेल."

सुनावणीच्या खोलीचं दार अडकलं होतं. समितीच्या अध्यक्षबाई आणि त्यांचा कारकून बाहेर उभे होते. मामाला बघून दोघांचेही चेहरे उजळले.

"आलात! किती उशीर!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

मामानं माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि गुडघे टेकले. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं हळूच खूण केली, राहू दे. दार उघडल्याशिवाय सुनावणी होणार नव्हती, हेही खरंच. त्यानं खटक्यात तेल सोडलं, दोनदा खांदा लावला आणि दार उघडलं. मंडळी आत जाऊन बसली. मामा दाराशीच बसून बिजागऱ्यांनाही तेल देत होता. हाताला सवय.

कारकुनानं बाहेर डोकावून मामाच्या डोक्यावरून पुकारा केला. एकदा केला, दोनदा केला. मग आत वळून म्हणाला, "अर्जदार गैरहजर."

"ते काय तुमच्या पायाशी आहेत," मी म्हटलं.

कारकुनानं खाली बघितलं. "हे तर दुरुस्तीवाले."

"तेच."

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "आपल्याला झालेल्या गैरसोयीची आम्हाला पूर्ण जाणीव आहे," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी रोज म्हणते. त्याच्यानंतर कुणालाही नवी गादी मिळालेली नाही.

कारकुनानं फाइल उघडली. "पोलिसांच्या नोंदवहीत तुम्हाला अडवल्याची एकही नोंद नाही."

"दर आठवड्याला अडवायचे," मामा म्हणाला.

"काही सापडलं का तुमच्याकडे?"

"नाही. कधीच नाही."

"तेच तर. सापडलं तरच नोंद होते."

"आणि सापडलं असतं तर?" मी विचारलं.

"मग नोंद झाली असती," कारकून समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण मग हे भरपाईला पात्र नसते."

अध्यक्षबाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्या पुढे झुकल्या. "असं करा, झडती कशी घ्यायचे ते तुम्हीच सांगा. म्हणजे आम्हाला काही लिहिता येईल."

मामा उठला. त्यानं जॅकेट काढून खुर्चीवर ठेवलं. घराबाहेर मी त्याला कित्येक वर्षांनी असं बघत होते. कव्हर काढलेल्या सोफ्यासारखा तो एकदम जुना आणि लहान दिसला. भिंतीशी जाऊन त्यानं दोन्ही तळहात भिंतीवर टेकवले, पाय फाकवले आणि भिंतीलाच सांगायला लागला. आधी नाव सांगायचं. मग धंदा. मग पत्ता. हात हलवायचे नाहीत. हसायचं नाही, आणि अगदी गंभीरही राहायचं नाही. सांगून झालं. मामा तसाच उभा. कारकून लिहायचं थांबला होता. मला वाटलं, मामा आता वळेल. मग कळलं, त्याला वळ असं सांगावं लागतं. तिथं कुणाला ते माहीत नव्हतं.

"मामा," मी म्हटलं, "झालं. वळ."

तो वळला आणि सगळ्यात आधी त्यानं जॅकेट घातलं.

"मला पैसे नकोत, बाई," तो म्हणाला. "एक कागद द्या. पोरीचं लग्न आहे."

"असा कागद योजनेत बसत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखर पडला. "पण अर्जात जॅकेटांचा खर्च लिहिलाय, त्याच्या पावत्या आहेत ना?"

पावत्या होत्या. आमच्याकडे सगळ्याच्या पावत्या असतात. हातात नवी छत्री असली तरी बरोबर पावती असते.

निकाल महिनाभरात लागला. अडवणूक सिद्ध झाली नाही. मात्र अर्जदारानं स्वतःच्या सुरक्षिततेसाठी केलेला खर्च समितीनं सहानुभूतीपूर्वक ग्राह्य धरला. त्यापोटी वर्षाला दोन जॅकेटं, आजन्म, घरपोच. खाली हातानं लिहिलं होतं, साइज कळवावी.

ज्याला जॅकेट काढायचं होतं त्याला सरकारनं ते मरेपर्यंत लावून दिलं होतं. मामी हसायला लागली. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला, तो बराच वेळ काढला नाही. मामानं साइज कळवली. "उगाच लहान नको यायला," म्हणाला.

पार्सल आलं ते नेमकं लग्नाच्या सकाळी. लग्न नोंदणी कचेरीत होतं, चालत जाण्यासारखं अंतर. नवरदेव परस्पर तिकडे पोचला होता. मामानं कोट घातला. छातीवर रिकामा प्लास्टिकचा खिसा चमकत होता. दार उघडून तो उंबऱ्यावर थांबला. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी उभी होती. रोजच असते.

आम्ही त्याच्या मागे थांबलो. पाऊल पुढे पडेना. जगभराची दारं उघडणारा माणूस, आणि स्वतःच्या घराच्या उघड्या दारात अडकला होता.

"बाबा, घाल जॅकेट," ताई म्हणाली. "खरंच घाल. मी रागावणार नाही."

"नाही," मामा म्हणाला. "शब्द दिलाय." पण तो जागचा हलला मात्र नाही.

ताईनं सुस्कारा सोडला. दातांनी पार्सल फाडलं, नवंकोरं जॅकेट काढलं आणि लग्नाच्या कपड्यांवर चढवलं. ते तिला गुडघ्यापर्यंत आलं. "चला," म्हणाली आणि रस्त्याच्या मधोमध चालायला लागली. मागे कोटातला मामा, मामी आणि हातात फुलं घेतलेली मी.

गाडी सुरू झाली आणि सावकाश आमच्या दिशेनं आली. मामाचा श्वास मला ऐकू येत होता. काच खाली झाली.

"पुढे रस्ता बंद आहे का हो?" पोलिसानं ताईला विचारलं.

ताईनं क्षणभर त्याच्याकडे बघितलं.

"बंद आहे," ती म्हणाली. "मागून जा."

"किती वेळ?"

"काम चालू आहे. सांगता येत नाही."

पोलिसानं मान हलवली आणि गाडी मागे घेतली. वळण अवघड होतं, तर मामी पुढे होऊन हातवारे करून म्हणाली, "येऊ दे, येऊ दे, अजून." मामाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आम्हीही हसलो नाही. वळेपर्यंत हसायचं नसतं.

कचेरीत दारावरच्या शिपायानं मामाला 'साक्षीदार' असं छापलेलं कार्ड दिलं. मामानं ते छातीवरच्या खिशात सरकवलं. अगदी मापात बसलं. मामीनं माझ्याकडे बघितलं, बघ, सांगत नव्हते? सह्या झाल्या, फोटो झाला. या फोटोत मामाच्या अंगावर कोट आहे आणि त्याच्या शेजारी इमारतीचं काम काढल्यासारखी ताई आहे.

निघताना शिपायानं हात पुढे केला. "कार्ड परत द्यायचं असतं."

मामाचा हात मुकाट खिशाकडे गेला.

"ते राहू द्या," जॅकेटातली ताई म्हणाली.

"बरं," शिपाई म्हणाला.

बाहेर पायऱ्यांवर मामा मधेच बसला. पाय दुखत असावेत, किंवा सगळंच. रस्त्याकडे बघत म्हणाला, "दमलो गं. आता घरी जायचं, तर रस्ता अजून बंदच आहे का?"

"आपल्याला उघडा आहे," ताई म्हणाली आणि त्याच्या शेजारी टेकली.

मामानं कार्ड एकदा चाचपून बघितलं. मग तिच्या जॅकेटची चेन वरपर्यंत ओढून दिली, लहानपणी शाळेत सोडताना ओढायचा तशी.