माझ्या शून्यापुढचा एक

मी शून्याचा दगड बोलतोय. चौकाच्या कोपऱ्यात, शिंपीण मावशींच्या दुकानापाशी, तुम्ही ज्याला सायकली टेकवता तोच. मला तुमच्याबद्दल माया नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एका पाथरवटानं मला टेकडीच्या काळ्या खडकातून काढलं आणि अंगावर फक्त एक मोठं शून्य कोरलं. या जिल्ह्यातले सगळे रस्ते माझ्यापासून मोजले गेले. बंदराचं गाव, खाणीचं गाव, विणकरांचं गाव, प्रत्येकाच्या वेशीवरचा आकडा माझ्यावरून ठरला. हे जिल्ह्याचं ठिकाण आहे, याची खूण म्हणजे मी. पण ते कळायला थोडा विचार करावा लागतो आणि तुम्हाला गप्पांतून सवड नव्हती.

नदीपलीकडच्या व्यापारी गावाला इथली जिल्हा कचेरी हवी होती. ती मिळेना, म्हणून त्यांनी चिडवायला सुरुवात केली. त्यांचे गाडीवाले बाजारात ओरडायचे, "काय हो शून्यवाले, आज तरी काही भाव आहे का?" मावशींची लेक त्याच गावात दिलेली. सासू तिला उठता-बसता म्हणायची, "शून्यातून आलेली पोर!"

लेक माहेरी येऊन रडली. मावशी तडक नगराध्यक्षांकडे गेल्या.

"भाऊ, त्या दगडाचं काहीतरी करा. माझ्या लेकीला जगू देईनात."

"एवढंच ना? शून्यापुढे एक घातला की झालं. दहा!"

"रंगानं नका घालू. रंग उडतो. टाकीनं कोरून घाला."

बेत चौकात कळताच टाळ्या पडल्या. ज्याला त्याला आपल्या हातानं एक घाव घालायचा होता. हौसेनं रांग लावलीत तुम्ही! संध्याकाळपर्यंत मी दहाचा झालो. "आता बोला!" असं तुम्ही गाडीवाल्यांना ऐकवलंत. ते नुसते हसत गेले.

पुढे जिल्ह्याचं ठिकाण कुठलं, हा वाद वरपर्यंत गेला. जुनी कागदपत्रं आगीत जळालेली. इतर गावांनी आपापले दगड कधीच घरांच्या पायाभरणीत घातलेले. ज्या गावापासून रस्ते मोजले, तिथेच कचेरी ठेवायची असं ठरलं आणि एक अधिकारी मला पाहायला आले. त्यांनी चष्मा पुसून अंगावरचा आकडा वाचला.

"दहा? म्हणजे मूळ ठिकाण इथून दहा मैलांवर आहे."

पलीकडचं गाव इथून बरोबर दहा मैल.

"साहेब, तो एक आमचा आहे!" नगराध्यक्ष कळवळले. "मागाहून घातलाय!"

"मग शून्य कुणाचं?"

"तेही आमचंच, साहेब!"

"म्हणजे आकडे तुम्ही घरीच करता तर," असं म्हणून साहेब जीपमध्ये बसले.

कचेरी गेली. कोर्ट गेलं, त्यामागून वकील गेले. मावशी वकिलांचे काळे कोट शिवायच्या. आता शिवणार कुणाचे? त्यांनी मशीन हातगाडीवर चढवलं आणि लेकीकडे राहायला निघाल्या, त्याच सासूच्या घरी. जाता जाता मला लाथ मारली. "मेल्या, तुझ्यापायी झालं सगळं!" पाय दुखावला, तशा माझ्याच शेजारी खाली बसून रडल्या.

त्यांच्या लाथेचा मला राग नाही. राग तुमचा आहे. पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवून सांगता, "या दगडानं गावाचा घात केला!" ऐकणाराही मान डोलावतो. दगडाला उलट बोलता येत नाही, हे तुमच्या किती सोयीचं!

उद्या मला फोडून खडी करणार आहात म्हणे. खुशाल करा. फक्त ती मावशींच्या बंद दारापुढे पसरू नका. त्या कधी परत आल्याच, तर त्यांना नीट चालता यायला हवं. बाकी चौकभर टाका. तुम्ही अडखळून पडलात, तर मला वाईट वाटणार नाही.