घंटी न वाजवणारे आगटे

रस्त्यावर पहिला मान पायी चालणाऱ्याचा, आणि त्याच्या पाठीमागे सायकलची घंटी वाजवणं ही असंस्कृतपणाची परिसीमा होय. असं शरच्चंद्र आगटे यांनी बुधवारी वर्तमानपत्राला कळवलं. शुक्रवारी ते छापून आलं. शुक्रवारीच दुपारी आगट्यांनी बायकोला घरात कोंडलं.

हेतू काही नव्हता. निघताना बाहेरच्या लोखंडी दाराला कुलूप घालून तीनदा ओढून बघायचं, ही नोकरीपासूनची सवय. श्यामलाबाई परीक्षेला गेल्या असं समजून ते वाचनालयात कात्रण दाखवायला गेले. श्यामलाबाई आतल्या खोलीत वाचत बसल्या होत्या. एकसष्टाव्या वर्षी एम. ए. आणि पाच वाजता तोंडी परीक्षा. साडेचारला त्यांचा फोन आला आणि आगट्यांनी सायकलवर टांग टाकली.

घराआधीचा शेवटचा टप्पा म्हणजे सायकल ट्रॅक. एका अंगाला दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला स्कूटरवाले घुसू नयेत म्हणून छातीएवढं रेलिंग. एकदा शिरलं की पार टोकाशीच सुटका. आणि या ट्रॅकच्या बरोब्बर मधून, हात पाठीशी बांधून, एक गृहस्थ चालले होते.

आगटे उतरले. खाकरले.

गृहस्थ वळले. "अहो, आपण केव्हापासून मागे आहात?"

"आत्ताच."

"आणि घंटी वाजवली नाहीत! आज पेपरात कुणा आगट्यांचं पत्र आहे, वाचलंत?"

"मीच तो," आगटे म्हणाले. इथे चुकलं.

"मी माधव सोहोनी!" त्यांनी हात मिळवला. "चला, आता मागे बघायचं कारणच उरलं नाही." आणि ते पुन्हा मधून चालू लागले. मघापेक्षा सावकाश.

फोन वाजला.

"कुठे आहात?"

"रेलिंगमध्ये."

"म्हणजे?"

"पुढे एक गृहस्थ आहेत."

"मग घंटी वाजवा!"

"त्यांनी पत्र वाचलंय."

पलीकडून "पावणेपाच झालेत," एवढंच.

"घाईत आहात का?" माधवरावांनी न वळता विचारलं.

"छे छे," आगटे म्हणाले.

"नाही, असलात तर सांगा हो. पण तुम्ही कसले सांगताय!"

एक कुत्रं रेलिंगखालून सहज पलीकडे निघून गेलं. आगट्यांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. अंगठा दोनदा घंटीवर गेला, दोनदा परत आला.

ट्रॅक संपला तेव्हा पाचाला दहा मिनिटं कमी होती. "भेटून बरं वाटलं," म्हणत माधवराव जागच्या जागी फिरले. "माझ्या अशा चार फेऱ्या असतात."

आगट्यांनी धावत जाऊन कुलूप काढलं. श्यामलाबाई बाहेर आल्या, पदर खोचला आणि त्यांच्या हातातून सायकल घेतली.

"अगं, रिक्षा बघतो ना."

"बघा. आली की तिच्या मागे उभे राहा."

आगटे फाटकाशी थांबून पाहत राहिले. तोच ट्रॅक, तेच गृहस्थ, तेच मधून चालणं. श्यामलाबाई दहा पावलांवर पोचल्या.

"ओ आजोबा, सरका!"

माधवराव सरकले. भिंतीच्या बाजूला चांगली तीन फूट जागा होती.