लोरीनने मागितलेले काळे ठोकळे

मित्रांनो, मी अक्रोडाच्या लाकडाची एक जुनी मतपेटी आहे. निवडणुकीची नव्हे हं! आमच्या आयोवातल्या कॉलेजांत मुलींची भगिनीमंडळं असतात. मंडळात कुणाला घ्यायचं, ते माझ्या पोटात ठरायचं. डावीकडे पांढऱ्या गोट्या, उजवीकडे काळे चौकोनी ठोकळे, वर कापडाचा पडदा. पडद्याखालून हात घालायचा आणि मधल्या खणात मत टाकायचं. एक जरी काळं पडलं, तरी ती मुलगी बाहेर.

एका गावची अशाच मंडळाची शाखा बंद पडली आणि मी व्हर्ना नावाच्या मुलीकडे आले. तिला कोणत्याच मंडळाने घेतलं नव्हतं, तिच्या मैत्रिणीला, लोरीनलाही नाही.

"नाही ना घेत? मग आपणच शाखा काढू!" व्हर्ना म्हणाली.

त्या हिवाळ्यात दोघी बर्फ तुडवत वसतिगृहांची दारं ठोठावत हिंडल्या. लोरीन आधी भोजनगृहात बशा विसळायची आणि ओल्या हातांनीच निघायची. दहा मुली जमल्या की सनद मिळणार होती.

माझे काळे ठोकळे कधीच हरवले होते. व्हर्नाने दुकानातून काळ्या गोट्या आणल्या.

"अगं, ठोकळेच हवेत. हाताला कळायला नको?" लोरीन म्हणाली.

"काळी लागणारय कुणाला? तू पण ना, अगदी आजीबाई आहेस!"

मतदानाला मंडळाच्या मुख्य कचेरीतून हेवरस्टॉकबाई आल्या. "आधी बाकीच्या मुलींना घ्या, मी शेवटी," असं म्हणून लोरीन समारंभाचा उसना पांढरा झगा घालून जिन्यावर बसली. नऊ जणी झाल्या. मग तिची पाळी आली. मी हातोहात फिरले आणि व्हर्नाच्या मांडीवर आले ती उलटी फिरून, काळ्या गोट्या तिच्या डाव्या हाताला. तिचं लक्ष दाराकडे, चेहऱ्यावर हसू. नेहमीसारखा तिने डावीकडे हात घातला. मी ओरडले असते हो, पण लाकडाला कुठलं आलंय तोंड?

खण उघडला. आठ पांढऱ्या, एक काळी.

"चूक झाली असेल, बाई! पुन्हा मत घ्या ना!" व्हर्ना रडायलाच लागली.

"मत एकदाच, असा नियम आहे. जिची चूक झाली तिने उभं राहावं."

कुणीच उठलं नाही. जिची चूक, तिलाच ती ठाऊक नव्हती.

"असू दे गं, व्हर्ना," दारातून लोरीन एवढंच म्हणाली. झगा धुऊन तिने परत केला आणि पुढच्या सत्रात कॉलेजच सोडलं. तिच्या जागी दुसरी मुलगी मिळाली, सनद भिंतीवर लागली. पण मुली एकमेकींकडे संशयाने बघू लागल्या. व्हर्नाचा राग त्या नऊजणींतल्या डेल्फीनवर, काळी तिनेच टाकली असं तिला वाटे. ती डेल्फीनशी जन्मभर बोलली नाही, तिच्या अंत्यविधीलाही गेली नाही.

पुढे ही पद्धत बंद झाली. मी कपाटावर धूळ खात पडले. पन्नास वर्षांनी व्हर्ना काठी टेकत आली आणि तिने मला मांडीवर घेतलं.

"कोण होती गं ती? एकदा सांग तरी."

घेतलं होतं पुन्हा उलटंच. सवयीने तिने डावीकडे हात घातला आणि बाहेर काढला. तळहातावर काळी गोटी. मग तिने उजवीकडे हात घातला, तिथे पांढऱ्या.

"मीच गं," ती म्हणाली. ऐकायला ना लोरीन उरली होती, ना डेल्फीन.

मित्रांनो, कधी मला पुसायला घेतलंत, तर एवढं करा. त्या काळ्या गोट्या काढून टाका आणि ठोकळे घाला, लोरीनने सांगितले होते तसे.