तोफेवर वाळत घातलेले डगले

त्या चिलखती डिव्हिजनचा इतिहास छापून आलाय. जाडजूड आहे, उशाला घेता येईल. त्यात आमच्या गावाबद्दल लिहिलंय की जवानांनी रणगाड्याच्या खुणा पुसून शत्रूला चकवलं. पुसायला कुणी लावल्या, ते कोण लिहिणार? म्हणून मी सांगते.

पंचेचाळीस सालच्या एप्रिलातला शनिवार होता, आम्ही जर्मन लढाई हरत आलो होतो. डिव्हिजन म्हणजे तोवर उरला होता एक रणगाडा आणि चार माणसं. पेट्रोल संपता संपता तो माझ्या गोठ्यात घुसला, गाईशेजारी. लेफ्टनंट क्वास्ट उत्तरेकडचा, मिसरूड नुकतं फुटलेला. म्हणाला, "अमेरिकन पुलावर आले की इथूनच तोफ डागणार."

"डाग. मग ते माझ्या गोठ्यावर डागतील. गाय कुठं बांधू, तुझ्या डोक्यावर?"

"बाई, हुकूम आहे."

"असेल. पण आज शनिवार, आणि चर्चपासून इथवर रणगाड्याच्या पट्ट्यांनी चिखल केलाय तुम्ही. आमच्या श्वाबिया मुलखात ज्याचा केर त्यानं शनिवारीच काढायचा. उद्या सगळं गाव चिखल तुडवत चर्चला जाईल, ते नावं मला ठेवील."

"आम्ही लढणारी माणसं आहोत."

"दिसतंय. कॉलरवर बोटभर मळ आहे. काढा ते डगले, भिजत घालते."

त्यांचा सार्जंट गेबहार्ट आमच्याच मुलखातला. त्यानं झाडू उचलला. "साहेब, शनिवार आहे," एवढंच बोलला. मग बाकीचे दोघे निघाले. शेवटी लेफ्टनंटही, माझ्या सासूचा फुलाफुलांचा एप्रन बांधून.

शेजारची क्रेसेन्स खिडकीत कोपरं टेकून बसली. "लेफ्टनंटसाहेब, गटाराची कड राहिली हं."

चौघं झाडत झाडत पार चर्चपाशी पोचले, आणि वळणावरून अमेरिकनांची जीप आली. तोफ इकडं, तोफवाले तिकडं. जीपमधल्या एकाला आमची जर्मन भाषा येत होती. "इथली फौज कुठाय?"

लेफ्टनंटानं झाडू खांद्याला लावला. "चिलखती डिव्हिजन, हजर."

अमेरिकनानं त्याच्या मागं डोकावून पाहिलं. "बाकीची?"

"गाईजवळ आहे."

एकही गोळी सुटली नाही. गोठ्याचं कौलसुद्धा हललं नाही. पण लेफ्टनंट अडून बसला, "डगल्याशिवाय शरण जाणार नाही. एप्रनवर कैद होणं शोभत नाही."

"मग वाळेस्तोवर थांबायला सांग त्यांना," मी म्हणाले.

त्यानं खरंच सांगितलं, आणि ते खरंच थांबले. मी त्यांना बटाट्याचं सॅलड वाढलं. तोफेची नळी गोठ्याच्या दारातून चांगली लांब बाहेर आली होती. तिच्यावर चारही डगले पसरले. वाराही बरा होता.