उलट्या मशाली

हार्लेममध्ये तांब्याच्या पत्र्यावर माणसं कोरायचा आमचा धंदा. चेहरा माझा धाकटा भाऊ योरिस कोरतो, भोवतीची चौकट मी. वाहवा चेहऱ्याची होते, पण माणूस कोण ते चौकट सांगते. नांगर असला की दर्यावर्दी, घुबड असलं की विद्वान. मशालीची ज्योत वर असली तर माणूस जिवंत, खाली असली तर गेलेला.

माख्तेल्टबाई नवऱ्याचं रंगीत चित्र घेऊन आल्या. कप्तान वोल्फर्ट. बाईंच्या अंगात काळा झगा. आमच्या गावात खाऊनपिऊन सुखी माणसं काळंच घालतात, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण माझा शहाणपणा नडला. विधवा समजून, न विचारता, मी दोन्ही बाजूंना मशाली उलट्या कोरल्या.

कच्चा छाप बघून बाई पांढऱ्याफटक पडल्या.

"यांना मारलं कोणी? जहाज यायचंय अजून."

"जहाज निघून दोन वर्षं झाली ना पण?" योरिस बोलून गेला.

"मग? तुमच्या घरी दोन वर्षांनी माणसं मारून टाकतात वाटतं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पत्रा खरवडला, मागून ठोकला, घोटून सपाट केला आणि मशाली सरळ कोरल्या. आठवडा मोडला.

"ताई, पुढच्या खेपेला आधी नाडी बघत जा," योरिस म्हणाला.

वर्षाने बाई परत आल्या. झगा तोच, म्हणून मला काही उमगलं नाही.

"आणखी छाप हवेत का?" मी हसून विचारलं.

"मशाली उलट्या करा. जहाज बुडालं. एक खलाशी परत आलाय, त्यानं डोळ्यांनी पाहिलं."

मी पत्रा चाचपला. "तांबं पातळ झालंय हो. पुन्हा ठोकलं तर फाटेल. फार तर ज्योत तेवढी घोटून पुसता येईल."

"द्या इकडे. मी पुसते."

गिऱ्हाइकाच्या हातात मी हत्यार देत नाही. त्या दिवशी दिलं. घोटणी कशी धरायची ते दाखवलं. एक ज्योत पुसायला त्यांना दुपार लागली. मग दुसरीवर घोटणी टेकवली, आणि हात हलेना.

"ही राहू द्या, बाई," मी म्हणाले.

त्यांनी राहू दिली.